'इंग्लंड सरकार' नावाचे सरकार नाही : मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या आणि वृत्तसंकेतस्थळे यांच्या संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

काही दिवसांपूर्वी एका मराठी दैनिकात वेल्समधील शाळांविषयी एक बातमी आली. निर्णय वेल्सच्या सरकारचा होता आणि तो लागूही फक्त वेल्समध्येच होणार होता; मथळा मात्र होता 'इंग्लंड सरकारचा निर्णय'. मी संपादकीय विभागाला चार ओळींचे पत्र लिहून चूक कळवली. दोन दिवसांनी उत्तर आले, तेही सौजन्यपूर्ण भाषेत: आपल्या वाचकांना इंग्लंड म्हटले की लगेच समजते, शिवाय मथळ्यात 'युनायटेड किंग्डम' बसत नाही, म्हणून आम्ही हीच पद्धत चालू ठेवण्याचे ठरवले आहे. नजरचूक असती तर मी गप्प बसले असते. 'ठरवले आहे' या शब्दांमुळे हे पत्र लिहावे लागत आहे. दैनिकाचे नाव घेत नाही, कारण हे दुखणे एकट्या दैनिकाचे नाही. मी रोज जी पाच-सहा मराठी वृत्तस्थळे वाचते, त्यांतल्या बहुतेकांचे आहे.

मी गेली १९ वर्षे वेल्समध्ये राहते. माझी दोन्ही मुले वेल्श माध्यमाच्या शाळेत शिकली. घरात मराठी, शाळेत वेल्श आणि इंग्रजी सगळीकडे, अशी त्यांची वाढ झाली. नवी नवी आले होते तेव्हा बसथांब्यावर शेजारच्या आजींशी बोलताना मी म्हणाले, "इथे इंग्लंडमध्ये पाऊस फारच असतो नाही?" आजी हसल्या. समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इंग्लंड त्याच्या पलीकडे, चाळीस मैलांवर. तिथला पाऊस मला माहीत नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण विषय तिथेच संपला होता. तेव्हा ही चूक मीही केलेली आहे, आणि ती करणाऱ्याला मी अडाणी समजत नाही. सांगितल्यावरही ती तशीच चालू ठेवावी, हे मात्र मला मान्य नाही.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी, की 'इंग्लंड सरकार', 'इंग्लंडचे पंतप्रधान' आणि 'इंग्लंडची संसद' या तिन्ही गोष्टी अस्तित्वातच नाहीत. लंडनमधील वेस्टमिन्स्टरची संसद चार घटक देशांच्या संयुक्त राज्याची, म्हणजे युनायटेड किंग्डमची आहे. स्कॉटलंडला एडिंबरामध्ये स्वतःची संसद आहे, वेल्सला कार्डिफमध्ये सेनेद नावाचे विधिमंडळ आहे, उत्तर आयर्लंडला बेलफास्टजवळ स्टॉरमॉन्ट येथे विधानसभा आहे. स्वतःचे विधिमंडळ आणि स्वतःचे सरकार नसलेला घटक देश चारांत एकच, आणि तो म्हणजे इंग्लंड. स्कॉटलंडच्या खासदाराने इंग्लंडच्या शाळांवर मत द्यावे, पण इंग्लंडच्या खासदाराला स्कॉटलंडच्या शाळांवर मत देता येऊ नये, हे कसे, असा प्रश्न स्कॉटलंडचेच खासदार टॅम डालयेल यांनी १९७७ मध्ये उपस्थित केला आणि तो आजही सुटलेला नाही. इंग्लंडपुरत्या कायद्यांवर इंग्लंडच्या खासदारांना नकाराधिकार देणारी एक तरतूद २०१५ मध्ये करून पाहिली, ती २०२१ मध्ये काढून टाकली. म्हणजे ज्या सरकारचे नाव आपण रोज छापता, ते मुळात असावे की नसावे याचा इंग्लंडमध्ये अजून वादच चालू आहे.

पंतप्रधानांचे तर विचारूच नका. गॉर्डन ब्राउन स्कॉटिश, निवडून आलेले स्कॉटलंडमधून. मराठीत ते 'इंग्लंडचे पंतप्रधान'. १९१६ ते १९२२ या काळात पंतप्रधान असलेले लॉइड जॉर्ज यांची मातृभाषा वेल्श होती, इंग्रजी त्यांनी नंतर आत्मसात केली. राजघराण्याबाबतही हेच. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे एकत्रीकरण झाले, त्यानंतर 'इंग्लंडची राणी' हे पदच उरले नाही. एलिझाबेथ यांचे २०२२ मध्ये स्कॉटलंडमधील बाल्मोरल येथे निधन झाले, तेव्हा मी वाचलेल्या बहुतेक मराठी मथळ्यांत 'इंग्लंडच्या राणीचे निधन' असेच होते. त्यांच्या नावापुढचा 'दुसरी' हा आकडासुद्धा स्कॉटलंडमध्ये वादाचा ठरला होता, कारण पहिल्या एलिझाबेथने स्कॉटलंडवर कधी राज्य केलेच नव्हते. एडिंबरामध्ये तो आकडा असलेली नवी टपालपेटी १९५३ मध्ये स्फोटाने उडवून देण्यात आली. त्यानंतर स्कॉटलंडमधल्या नव्या पेट्यांवर नुसता स्कॉटिश मुकुट आला. एका आकड्यावरून जिथे एवढे घडते, तिथे अख्ख्या देशाचे नाव चुकवणे ही किरकोळ बाब कशी मानायची?

दुसरी तक्रार नेमकी उलट चुकीची आहे, आणि व्यवहारात तीच अधिक त्रासदायक ठरते. जे फक्त इंग्लंडपुरते असते, ते आपण 'ब्रिटनमध्ये' म्हणून छापता. लंडनमध्ये बसणारे आरोग्यमंत्री आणि शिक्षणमंत्री यांचा कारभार बव्हंशी इंग्लंडपुरता असतो, कारण आरोग्य, शिक्षण, स्थानिक स्वराज्य, शेती आणि पर्यावरण हे विषय इतर तीन देशांत तिथल्या सरकारांकडे गेलेले आहेत. ही गोष्ट किती जवळून भिडते, हे मला ऑक्टोबर २०२० मध्ये कळले. २३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ६ वाजल्यापासून वेल्समध्ये १७ दिवसांची टाळेबंदी लागू झाली. सीमेपलीकडे इंग्लंडमध्ये ती नव्हती. तिथली टाळेबंदी ५ नोव्हेंबरला सुरू झाली. त्या दिवसांत मी किराणा आणायला गेले, तेव्हा दुकानात भाजी, दूध, पाव सगळे होते, पण मुलांच्या कपड्यांच्या आणि भांड्यांच्या रांगांना आडवी पट्टी बांधलेली होती, कारण अनावश्यक वस्तू विकायला वेल्स सरकारची मनाई होती. धाकट्याला पायमोजे हवे होते. ते पट्टीच्या पलीकडे हाताच्या अंतरावर दिसत होते. मी दूध घेऊन परत आले. रात्री आईचा फोन. ती चिडलेली. "पेपरात आलंय, ब्रिटनमध्ये सगळं उघडं आहे म्हणून. तू मला सांगतेस दारं बंद. काय लपवतेस माझ्यापासून? कोणी आजारी आहे का?" तिला समजावायला अर्धा तास गेला, आणि शेवटी तिचा विश्वास छापील अक्षरावरच राहिला, लेकीवर नाही. तो दोष मी तिला देत नाही. पेपरात आले ते खरे, हा विश्वास आपणच तीन-तीन पिढ्या जोपासलेला आहे.

टाळेबंदी गेली, पण घोळ तसाच राहिला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली औषधे वेल्समध्ये १ एप्रिल २००७ पासून विनामूल्य मिळतात. पुढे उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंड यांनीही तेच केले. इंग्लंडमध्ये मात्र, सूट नसेल तर, प्रत्येक औषधामागे शुल्क आहे, आणि २०२४ मध्ये ते ९ पौंड ९० पेन्स झाले. मृत्यूनंतर अवयवदानाला नकार नोंदवलेला नसेल तर संमती गृहीत धरायची, हा कायदा वेल्सने २०१५ मध्ये अमलात आणला, इंग्लंडने २०२० मध्ये. २०१२ मध्ये पदवीचे वार्षिक शुल्क ९ हजार पौंडांपर्यंत नेण्यात आले ते इंग्लंडमध्ये. स्कॉटलंडचे विद्यार्थी स्कॉटलंडच्याच विद्यापीठात शिकत असतील तर त्यांना ते शुल्क भरावे लागत नाही. परदेशी शिक्षणाच्या पुरवण्यांमधून दरवर्षी हजारो घरांत 'ब्रिटनमधील नियम' वाचले जातात, आणि त्यांतले निम्मे नियम फक्त इंग्लंडचे असतात. आणखी एक गोष्ट या पुरवण्यांत मला कधीच आढळली नाही: तिथे रीतसर परवान्यावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून, तिथल्या निवडणुकांत मतदानाचा अधिकार असतो, आणि वेल्स व स्कॉटलंडच्या विधिमंडळांसाठी तर तो वयाच्या सोळाव्या वर्षापासून असतो. आपली मुले तिथे राहतात, भाडे भरतात, कर भरतात आणि कोणाला मत द्यायचे हे कळायच्या आतच परत येतात.

तिसरी तक्रार शब्दाची आहे. सत्तेच्या या वाटणीला आपण कधी 'स्वायत्तता' म्हणता, कधी 'विकेंद्रीकरण', कधी 'प्रांतिक सरकार'. विकेंद्रीकरण म्हटले की आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे जिल्हा परिषद येते. प्रांतिक म्हटले की त्याला आपल्यासारखे राज्य आठवते. दोन्ही चित्रे चुकीची आहेत. आपल्याकडे राज्यांचे अधिकार लिखित संविधानाच्या सातव्या अनुसूचीत नोंदलेले आहेत. तिथे एकसंध लिखित संविधान नाही, आणि वेस्टमिन्स्टर सर्वोच्च. स्कॉटलंडची संसद आणि वेल्सची विधानसभा या कायमस्वरूपी संस्था आहेत, सार्वमताशिवाय त्या रद्द होणार नाहीत, असे अनुक्रमे २०१६ आणि २०१७ च्या कायद्यांत लिहिले गेले. परंतु एका संसदेने लिहिलेले पुढची संसद बदलू शकते, हेच तिथल्या व्यवस्थेचे मूळ तत्त्व आहे. घटक देशांकडे सोपवलेल्या विषयांवर त्यांच्या संमतीशिवाय वेस्टमिन्स्टर 'सामान्यतः' कायदा करणार नाही, असा संकेत आहे. जानेवारी २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या कराराचा कायदा आला, तेव्हा एडिंबरा, कार्डिफ आणि बेलफास्ट या तिन्ही विधिमंडळांनी संमती नाकारली आणि कायदा तरीही झाला. 'सामान्यतः' या एका शब्दावर इतके टांगलेले आहे. मराठीतल्या बातम्यांत त्या आठवड्यात 'ब्रिटन बाहेर पडले' एवढेच होते. २०१६ च्या सार्वमतात स्कॉटलंडने ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडने जवळपास ५६ टक्के मते संघात राहण्याच्या बाजूने दिली होती, हे सांगितल्याशिवाय ती बातमी पुरी होतच नाही.

आणि हे देश सारखेही नाहीत. स्कॉटलंडने १७०७ मध्ये आपली न्यायव्यवस्था राखून ठेवली; वेल्स सोळाव्या शतकात, आठव्या हेन्रीच्या काळात, इंग्लंडच्या कायद्यात विलीन केला गेला. म्हणून युनियन जॅकमध्ये तीन संतांचे क्रॉस आहेत, पण वेल्सची एकही खूण नाही. पोलीस आणि न्यायालये स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडकडे आहेत, वेल्सकडे नाहीत. १९७९ च्या सार्वमतात वेल्सच्या जनतेने विधानसभेची कल्पना चारास एक अशा मतांनी फेटाळली होती. १८ सप्टेंबर १९९७ ला पुन्हा मत घेतले तेव्हा ५०.३ टक्के होकार आला. रात्रभर नकार पुढे होता. पहाटे सर्वांत शेवटचा निकाल कारमार्थनशरचा आला आणि पारडे फिरले. फरक अवघ्या ६,७२१ मतांचा. १९९९ मध्ये ६० सदस्यांनी सुरू झालेल्या त्या विधिमंडळाची सदस्यसंख्या २०२६ च्या निवडणुकीपासून ९६ ठरवण्यात आली आहे. ज्या संस्थेचा जन्म इतक्या थोडक्यात झाला, ती एका पिढीत लोकांच्या अंगवळणी पडली. राजकारणाच्या कोणत्याही अभ्यासकाला ही गोष्ट मोहात पाडेल. मराठीत यावर सलग दोन स्तंभ मी अजून वाचलेले नाहीत.

खरे तर मराठी वाचकाला हे समजावून सांगणे फार सोपे आहे, म्हणूनच अधिक वाईट वाटते. मुळशीचा सत्याग्रह ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेल्समधील ट्रवेरिन खोऱ्याची कहाणी एका वाक्यात कळेल: इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवे म्हणून १९५७ मध्ये वेस्टमिन्स्टरने कायदा केला, वेल्सच्या बहुतेक साऱ्या खासदारांची त्याला साथ नव्हती, आणि १९६५ मध्ये कॅपेल केलिन हे वेल्श बोलणारे गाव शाळा, पोस्ट आणि प्रार्थनास्थळासह पाण्याखाली गेले. ट्रवेरिन विसरू नका, अशी अक्षरे आजही रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर रंगवलेली आहेत. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने २००५ मध्ये माफी मागितली. वेल्सच्या स्वराज्याच्या मागणीत हे पाणी आहे. 'इंग्लंडमधील एक धरण' असे लिहिले, तर त्या गावाच्या बुडण्याचा अर्थच उरत नाही.

नावांची किंमत तर आपल्याला कोणी शिकवायला नको. कर्नाटक सरकारने २०१४ मध्ये अधिकृतपणे 'बेळगावी' केले, तरी आपण 'बेळगाव'च छापता, आणि ते जाणूनबुजून छापता. उत्तरेत कोणी तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळी साऱ्यांना सरसकट 'मद्रासी' म्हटले की आपण त्याच्या अज्ञानाला हसतो. मग वेल्श माणसाला इंग्लिश म्हणताना तेच आपण करत आहोत, हे का जाणवू नये? 'वेल्स' हे नावसुद्धा त्यांचे नाही. परका या अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दापासून ते आले आहे. ते स्वतःच्या देशाला 'कम्री' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी एकाच भूमीचे सोबती असा अर्थ आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ५ लाख ३८ हजार निघाले, तीन वर्षे व त्याहून मोठ्या लोकसंख्येच्या १७.८ टक्के. भाषा टिकवण्याची धडपड म्हणजे काय, हे ज्यांना मराठीच्या शाळा बंद पडताना पाहून कळते, त्यांनी या लोकांची ओळख इंग्रजीच्या खात्यात टाकू नये.

याला एक ऐतिहासिक सबब आहे, तीही मान्य करते. 'इंग्रज' या आपल्या शब्दात सगळेच मावत आले. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट असलेले एल्फिन्स्टन स्कॉटिश, दुसरा बाजीराव ज्यांच्या स्वाधीन झाला ते माल्कम स्कॉटिश, मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ स्कॉटिश. आपल्या लेखी सारे इंग्रज. इतिहासात तो शब्द राहू द्या, माझे काही म्हणणे नाही. क्रीडापानालाही मी सूट देईन, कारण तिथे दोष आपला नाही: वेल्सला क्रिकेटचा स्वतंत्र संघ नाही, इंग्लंड आणि वेल्सचे मंडळ एकच आहे आणि त्याच्या 'ईसीबी' या आद्याक्षरांतून वेल्सचे अक्षर त्यांनीच गाळले आहे. १९७२-७३ मध्ये भारतात आलेल्या इंग्लंड संघाचा कर्णधार टोनी लुईस हा वेल्सच्या स्वान्सीचा, हे जाता जाता. पण २०१३ मध्ये चॅम्पियन्स करंडकाच्या उपान्त्य फेरीत भारताने श्रीलंकेला हरवले ते 'इंग्लंडमधील कार्डिफ' येथे नव्हे. फुटबॉलमध्ये तर हे दोन देश २०२२ च्या विश्वचषकात एकाच गटात समोरासमोर होते.

राहिला मथळ्यात न बसण्याचा मुद्दा. 'युनायटेड किंग्डम' बसत नाही, कबूल. 'ब्रिटन' बसते. 'इंग्लंड' लिहायला जेवढी जागा लागते, त्याहून ते रतिभरही जास्त घेत नाही. उत्तर आयर्लंडचा विचार केला तर 'ब्रिटन' हाही पुरता काटेकोर शब्द नाही, कारण राज्याच्या अधिकृत नावात ग्रेट ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड वेगळे उच्चारले जातात. तरी मथळ्यापुरता तो चालेल. मजकुरात एकदा पूर्ण नाव द्यावे.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांना एक पैसाही खर्च नाही.

संयुक्त राज्याचे सरकार, पंतप्रधान, संसद आणि राजा यांच्यासाठी 'इंग्लंड' हा शब्द वापरणे आजपासून बंद करावे.

आरोग्य, शिक्षण, शेती, स्थानिक प्रशासन यांविषयीची कोणतीही बातमी भाषांतरित करताना मूळ बातमी चारांपैकी कोणत्या देशाची आहे हे आधी तपासावे. मुळात 'इंग्लंड' असेल तर त्याचे 'ब्रिटन' करू नये आणि वेल्स किंवा स्कॉटलंड असेल तर त्याचे 'इंग्लंड' करू नये. उपसंपादकांसाठी आपल्याकडे जी लेखनपुस्तिका असते, तिच्यात यासाठी अर्धे पान पुरे.

शिक्षणाच्या पुरवण्यांत शुल्क, आरोग्यसेवा आणि मतदान यांची माहिती चारही देशांची वेगवेगळी द्यावी. ही मागणी मला सर्वांत निकडीची वाटते, कारण तिथे चुकीची किंमत वाचकाचे मूल मोजते.

एडिंबरा, कार्डिफ आणि बेलफास्ट येथील निवडणुकांची दखल किमान एका नीट लेखाने घ्यावी. ऋषी सुनक पंतप्रधान झाल्याच्या बातम्यांना जेवढी जागा मिळाली, तिच्या दहाव्या हिश्शाने मी समाधानी आहे.

आणि वाचकाने चूक दाखवली तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र छापावे. 'ही आमची पद्धत आहे' असे उत्तर पाठवू नये.

चार देशांत कोणते विषय कोणाकडे आहेत, याचे एक पानी टिपण मी तयार केले आहे. ज्या संपादकांना हवे असेल, त्यांना ते विनामूल्य पाठवीन. त्यावर माझे नाव घालण्याची गरज नाही. ज्या दैनिकाला मी आधी लिहिले होते, त्यांना ते आजच्या टपालाने गेले आहे.

आपली,
वेल्समध्ये राहणारी एक मराठी वाचक